जपानमधल्या गल्लीतल्या श्राइनला जायचं असेल तर

वाळूजच्या कंपन्यांमधून ट्रेनिंगला, नाहीतर लातूर-नांदेडकडून शिकायला, नोकरीला आपली पोरं-पोरी आता जपानला जायलेत आणि पहिली मोठी सुट्टी मिळाली की सगळे क्योटोच्या फुशिमी इनारी या मोठ्या श्राइनला, म्हणजे तिथल्या शिंतो धर्माच्या देवळाला, पळतेत, त्या केशरी-लाल कमानींमधे फोटो काढतेत. जा की, बघण्यासारखंच आहे ते. पण माझं सांगणं एवढंच की त्याच्या आधी तुमच्या रूमजवळचं छोटं श्राइन गाठा. आपल्याकडं पारावरचा मारुती असतो ना, तसं तिथं जवळपास प्रत्येक वस्तीला तिचा स्वतःचा देव असतो, अख्ख्या देशात ८० हजाराच्या आसपास श्राइन आहेत, गल्लीतल्या श्राइनला तिकीट नाही, रांग नाही, नमस्कार निवांत होतो.

शोधायचं मॅपवर. श्राइनला कमानीचं चिन्ह असतं, तिला तोरी म्हणतेत. स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं तर ते बौद्ध मंदिर, तिथं हात जोडायचे पण टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा फरक आधीच डोक्यात ठेवा.

कमानीपाशी आलात की टोपी काढा, थांबा, थोडं वाका आणि मग आत जा. रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही, मधला भाग देवाचा मानतेत, आपण कडेनं जायचं. आणि चपला-बूट काढायचे नाहीत बरका! आपला हात आपोआप चपलेकडं जातो, पण दानपेटीपर्यंत बूट घालूनच जायचं असतं, पुजाऱ्यानं आतल्या हॉलमधे विधीला बोलावलं तरच काढायचे.

पुढं पाण्याचा हौद लागतो, तेमिझुया. इथं घाई करू नका. हौदावर लांब दांड्याची पळी ठेवलेली असती, ती उजव्या हातात घेऊन एकदाच भरायची, सगळं त्या एका पळीतच भागवायचं. आधी डाव्या हातावर थोडं पाणी, मग पळी डाव्या हातात घेऊन उजव्यावर, परत उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात पाणी घ्यायचं आणि चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही, तीर्थ समजून प्यायचं बी नाही, आणि चूळ हौदात नाही तर बाजूला खाली टाकायची, ते बी हळूच. मग डावा हात परत धुवायचा आणि शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि तुमच्या मागून येणाऱ्या माणसाला धुतलेला दांडा मिळतो. मला हा प्रकार लई आवडतो, ज्याचं तोंड बी आपण बघणार नाही त्याच्यासाठी एवढी काळजी. कोरोनापासून बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्यात, बांबूतून धार सोडलेली असती, तिथं नुसते हात धुतले तरी चालतं. रुमाल सोबत असू द्या.

आता दर्शन. दानपेटीत नाणं हळूच सोडा, ५ येनचं भोकाचं नाणं शुभ मानतेत पण सक्ती कसलीच नाही. घंटेची दोरी असली तर वाजवा. मग दोनदा चांगलं कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोलायचं, आणि शेवटी परत एकदा वाकायचं. टाळीच्या वेळी हात छातीसमोर जुळवून उजवा पंजा किंचित खाली सरकवतेत, टाळ्या झाल्या की बोटं परत सरळ जुळवतेत. इझुमोच्या मोठ्या श्राइनला मात्र चार टाळ्या असतेत. मागणं मागायच्या आधी तिथले बरेच लोक मनात आपलं नाव-गाव सांगतेत, तुम्ही बी सांगा, मराठीतच सांगा.

मूर्ती शोधू नका. देवाचा वास ज्या वस्तूत मानतेत ती, बऱ्याच ठिकाणी आरसा, मागच्या बंद गाभाऱ्यात असती आणि कोणालाच दाखवत नाहीत, म्हणून आत डोकावणं नको, तिकडं मोबाईल धरणं तर नकोच. नारळ नाही, कुंकू नाही. घरून आलेला पेढा प्रेमानं ठेवावा वाटतो पण कावळे येतेत, घाण होती, ठेवू नका. आणि सुतक तिथं बी पाळतेत, घरात कोणी गेलं असेल तर काही दिवस लोक श्राइनला जात नाहीत.

देव कोणता ते जरा विचारून घ्या, गप्पा बी होतेत. दगडी कोल्हे दिसले तर इनारी, भाताचा आणि धंद्याचा देव. तेन्जिन म्हणजे ९व्या शतकातले विद्वान सुगावारा नो मिचिझाने, परीक्षेच्या आधी पोरं तिथं गर्दी करतेत. बेन्झाइतेन असेल तर ती मूळची आपली सरस्वतीच, टोकियोपासून जवळ एनोशिमा बेटावर तिचं मोठं ठिकाण आहे.

भविष्याची चिठ्ठी म्हणजे ओमिकुजी, वाईट निघाली तर तिथंच लावलेल्या तारेला बांधून यायची, झाडाला नाही. ओमामोरी हा ताईत, त्याची पिशवी उघडायची नाही आणि वर्षभरानं जुना ताईत श्राइनला परत द्यायचा. हातानं लिहिलेला शिक्का, गोशुइन, हवा असेल तर दर्शन झाल्यावर मागा, साधारण ३०० ते ५०० येन लागतेत, वही त्याचीच वेगळी घ्या, ऑफिसची डायरी पुढं करू नका. छोट्या श्राइनला रोज माणूस नसतो आणि जिथं असतो तिथली खिडकी बी दुपारी चार-पाचला बंद होती, म्हणून सकाळीच जा आणि सुट्टे पैसे खिशात ठेवा.