"हवामान तर पहिल्यापासूनच बदलतंय" म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं

प्रत्येकाच्या ओळखीत असा एकजण असतोच. घरातले काका असतील, ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा असेल, शाळेपासूनचा मित्र असेल, बाकी सगळ्या बाबतीत शहाणा आणि प्रेमळ माणूस, पण ग्लोबल वॉर्मिंगचा विषय निघाला की "काही नाही रे, सगळं थोतांड आहे" म्हणून मोकळा. आणि मग आपण एकतर तोंडाला तोंड देऊन भांडतो नाहीतर विषय बदलतो, दोन्हीतून काहीच निघत नाही. मी हा विषय बरीच वर्षं वाचतोय आणि मला खरंच वाटतं की या माणसांशी बोलणं जमायला पाहिजे, कारण तीच आपली माणसं आहेत आणि पुढे जे काही भोगायचंय ते त्यांच्यासोबतच भोगायचंय. म्हणून मला जेवढं उमगलंय तेवढं लिहितो.

आधी हे ठरवा की बोलायचं कोणाशी. संशय पेरणं हाच ज्याचा धंदा आहे त्याच्यामागे वेळ घालवू नका. हा धंदा जुना आहे, सिगारेटवाल्या कंपन्यांनी तो आधी करून दाखवलाय, 1969 सालच्या त्यांच्यातल्याच एका कंपनीच्या अंतर्गत कागदात सरळ लिहिलंय की संशय हाच आमचा माल आहे. तेलाचंही तेच झालं. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 आणि 80 च्या दशकात तापमान किती वाढेल याचे अंदाज काढले होते, ते अंदाज पुढे बऱ्यापैकी खरे ठरले, आणि तीच कंपनी बाहेर मात्र वर्षानुवर्षं "अजून नक्की काही सांगता येत नाही" असं म्हणत राहिली. हे ज्यांनी केलं ते वेगळे, आणि त्यांचा माल चाळीस हातांतून फिरून ज्याच्या मोबाईलवर येऊन पडला तो माणूस वेगळा. आपल्याला बोलायचंय ते या दुसऱ्याशी, त्यामुळे तो लबाड आहे असं मनात धरून सुरुवातच करू नका.

दुसरं म्हणजे चारचौघांत बोलू नका. ग्रुपवर तर नाहीच नाही. ग्रुपवर कोणीही मत बदलत नाही, तिथे माणूस आपली इज्जत सांभाळत असतो. एकटं गाठा, निवांत वेळ बघा, आणि आधी विचारा, "तुम्हाला यातलं नेमकं काय पटत नाही?" आणि मग खरोखर ऐका, मध्ये तोडू नका. हा प्रश्न महत्त्वाचा आहे कारण "मी मानत नाही" याच्या आत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. तापमान वाढतच नाहीये. वाढतंय पण माणसामुळे नाही. माणसामुळे आहे पण त्यात एवढं घाबरण्यासारखं काय. आणि शेवटची, सगळं खरं आहे पण आता काही होऊ शकत नाही. पुष्कळदा एकाच बोलण्यात माणूस या चारही पायऱ्या उतरून जातो, एक खोडली की दुसरी. म्हणून एक धरा आणि तिच्यावरच राहा.

पहिली पायरी आता फारशी कोणी लावून धरत नाही. 2024 हे पूर्ण वर्ष औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त गरम गेलं, असं मोजमापात पहिल्यांदाच झालं. "मग यंदा एवढी थंडी कशी पडली" असं कोणी म्हणालं तर एका आठवड्याची हवा वेगळी आणि तीस वर्षांची सरासरी वेगळी एवढं सांगा आणि पुढे चला.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे शीर्षकातलं, की हवामान पहिल्यापासूनच बदलतंय. इथे बहुतेकजण वाद घालायला लागतात आणि तिथेच फसतात, कारण ते वाक्य खरं आहे. तुम्ही उलट म्हणा, "अगदी बरोबर आहे काका. पण पूर्वी किती वेगाने बदलायचं ते माहितीये का तुम्हाला?" आणि मग बर्फाची गोष्ट सांगा.

ग्रीनलंडच्या मधोमध बर्फाचा थर तीन किलोमीटरपेक्षा जाड आहे. दरवर्षी पडलेला बर्फ आधीच्या वर्षाच्या बर्फावर बसतो, दाबला जातो, आणि त्यात त्या वर्षीची धूळ, ज्वालामुखीची राख आणि हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या दोन टीमनी साधारण तीस किलोमीटर अंतरावर दोन वेगवेगळी भोकं पाडून अगदी तळाच्या खडकापर्यंतचा बर्फ नळकांड्यांसारखा बाहेर काढला. त्यात उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा थर वेगळा ओळखू येतो, म्हणजे वर्षं अक्षरशः बोट ठेवून मोजता येतात. आणि त्या बर्फात दिसलं काय, तर सुमारे 11,700 वर्षांपूर्वी, यंगर ड्रायस म्हणून जो थंडीचा काळ होता तो संपताना, ग्रीनलंडचं तापमान काही दशकांतच दहा अंशांच्या आसपास वर गेलं. दरवर्षी साठणारा बर्फ तर दोन-तीन वर्षांतच जवळपास दुप्पट झाला. आणि हे एकदाच झालेलं नाही, मागच्या हिमयुगात असे उष्णतेचे झटके सुमारे पंचवीस वेळा आलेत. एका माणसाच्या आयुष्यात आजूबाजूचं जग ओळखू येणार नाही असं होऊन जायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो. तोवर हवामान बदल म्हणजे माझ्या डोक्यात शंभर-दोनशे वर्षांत हळूहळू चढत जाणारी रेघ होती, आपल्या पश्चात येणारी गोष्ट. हवामान उडीही मारतं हे कळल्यावर "पहिल्यापासूनच बदलतंय" या वाक्याने धीर येण्याचं काही कारण उरत नाही, उलट छातीत धस्स होतं. ज्या सिस्टिमने कोणी हात न लावता इतके झटके दिलेत तिला आपण आता मुद्दाम ढकलतोय, काळजी याची आहे. समोरच्याला हे असंच सांगा, त्याचंच वाक्य घेऊन. त्याला हरल्यासारखं वाटत नाही आणि विचार मात्र डोक्यात राहतो.

पण इथे एक पथ्य पाळा. ते दहा अंश ग्रीनलंडचे होते, सगळ्या पृथ्वीचे नाहीत. अटलांटिक महासागरात गरम पाणी उत्तरेकडे नेणारा जो मोठा प्रवाह आहे तो मंदावला की उत्तर गार पडायची आणि दक्षिणेकडे उष्णता साठून राहायची, पुन्हा चालू झाला की उलट. पृथ्वीची एकूण सरासरी त्यामानाने कमी हलायची. आज तो प्रवाह 2004 पासून समुद्रात यंत्रं लावून सतत मोजला जातोय. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावर संशोधन तपासून अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या 2021 च्या अहवालात म्हटलंय की तो या शतकात कमजोर होण्याची शक्यता खूप जास्त आहे, पण 2100 च्या आत अचानक कोलमडणार नाही असं त्यांना मध्यम खात्रीने वाटतं. मध्यम खात्री हा शब्दच मला पुरेसा बेचैन करतो, तो वाढवून "दहा वर्षांत सगळं संपणार" असं सांगायची काही गरज नाही. तसं सांगितलं आणि दहा वर्षांनी संपलं नाही की तो माणूस तुमचं खरं बोलणंही ऐकणार नाही.

आता "पण माणसामुळे कशावरून?" ही पायरी. इथे आकडे कमी आणि पुरावा जास्त द्या. मला सगळ्यात पटलेले दोन पुरावे आहेत. एक, कोळसा आणि तेलातला कार्बन हवेतल्या नेहमीच्या कार्बनपेक्षा वेगळा ओळखू येतो, त्यात हलका कार्बन जास्त असतो आणि किरणोत्सारी कार्बन-14 उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनचं मिश्रण नेमकं त्याच दिशेने सरकत चाललंय. दोन, सूर्य तापल्यामुळे हे होत असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्ट्रॅटोस्फियर, म्हणजे आपल्या हवेच्या थराच्या वरचा थर, गार होतोय. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने हेच होणार हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी 1967 मध्येच गणित करून दाखवलं होतं, 2021 ला त्यांना नोबेल मिळालं. ज्वालामुखीचं कोणी काढलं तर सांगा की सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही होत नाही.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे "एवढं काय घाबरायचं" वर, मला वाटतं अडचण अकलेची नसून सवयीची आहे. आपलं मन सरळ रेघेत विचार करतं, काल जेवढं वाढलं तेवढंच उद्या वाढेल. अंटार्क्टिकातला लार्सन बी हा जमिनीला चिकटून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा पट्टा हजारो वर्षं तसाच होता, आणि 2002 च्या सुरुवातीला त्यातला सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा भाग महिन्याभरात तुकडे तुकडे होऊन समुद्रात विखुरला. आदल्या वर्षी बघणाऱ्याला तो टिकलेलाच दिसला असता. भरलेल्या गोणीचा टाका उसवताना जसं बराच वेळ काही कळत नाही आणि मग एकदम सगळं खाली येतं, तसं काहीसं. हे एक उदाहरण नीट सांगितलं तरी पुरतं.

आता सगळ्यात अवघड भाग. वीस मिनिटं बोलल्यावर लक्षात येतं की समोरचा पुराव्यावर अडलेलाच नाहीये. त्याला भीती आहे, त्याची नोकरी तेलावर किंवा कोळशावर असेल, आयुष्यभर कष्ट करून जे उभं केलं तेच आता चूक ठरवतायत असं वाटत असेल, किंवा मुलांचं काय होणार हा विचारच सहन होत नसेल. डोळे मिटून घेण्यामागे फार वेळा प्रेमच असतं. अशा वेळी आलेख दाखवणं थांबवा. "मलाही याची भीती वाटते" एवढं खरंखरं म्हणा आणि गप्प बसा थोडा वेळ. मला स्वतःला रात्री यावरून झोप लागत नाही कधी कधी, आणि ते मोकळेपणाने सांगितलं की समोरचा बऱ्याचदा पहिल्यांदाच आवाज खाली आणून बोलतो.

आणि हेही ध्यानात ठेवा की सगळं मान्य असूनही काहीच झालं नाही असं जगणारे आपल्यासारखे लोक नाकारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कोणी विषय काढत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना काही पडलेली नाही. त्यामुळे जे मानतात त्यांच्याशीही बोला, उलट आधी त्यांच्याशी बोला.

चौथी पायरी, "आता काय उपयोग", ही मला नाकारण्याइतकीच घातक वाटते. तिला उत्तर सरळ आहे. माणसाने सोडलेला निव्वळ कार्बन डायऑक्साइड शून्यावर आला की त्याच्यामुळे होणारी तापमानवाढही जवळपास थांबते, पुढे शतकानुशतकं आपोआप चढतच राहते असं नाही. समुद्राची पातळी मात्र तरीही वाढत राहील, ते लपवू नका. दोन अंशांना थांबणं आणि तीनला थांबणं यात प्रचंड फरक आहे, आणि जी ओलांडली की उडी बसेल ती रेघ नक्की कुठे आहे हे माहीत नसताना तिच्यापासून अंशाच्या प्रत्येक दशांशाने लांब राहणं हाच एक विमा आहे.

बोलणं लांबवू नका, आणि "तुझं बरोबर होतं" हे ऐकायची वाट बघू नका, ते कोणी तोंडावर म्हणत नाही. काही दिवसांनी त्यानेच एखादी बातमी पाठवली, "हे खरं आहे का रे?" म्हणून, तर समजा गाडी रुळावर आली. तेव्हा "बघा, मी सांगत होतो ना" म्हणू नका. हवाईतल्या मौना लोआ इथे मोजल्या जाणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख उघडा, 1958 मध्ये 315 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 315 भाग) वरून सुरू झालेला आणि 2024 ला 424 च्या वर गेलेला, मागच्या आठ लाख वर्षांत बर्फातल्या बुडबुड्यांमध्ये हा आकडा कधी साधारण 300 च्या वर गेलेला सापडत नाही तेही सांगा, आणि त्याला काय दिसतंय ते त्यालाच बोलू द्या.