घरातली माणसे आणि आवडती पाकपुस्तके यांच्या मदतीने स्वयंपाकाची गोडी कशी लावून घ्यावी

स्वयंपाकाची आवड उपजतच असावी लागते, असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी एकच पदार्थ सलग चार वेळा करून पाहिलेला नसतो. बरीच वर्षे मीही त्यांच्यातच मोडत होतो. पदार्थ हाती बसू लागला की गोडी आपोआप लागते, आणि तो हाती बसण्यासाठी दोन शिक्षक पुरतात. एक म्हणजे घरातले सरावलेले माणूस आणि दुसरे म्हणजे एखादे नीट लिहिलेले पुस्तक. माणसाला खुणा अचूक ठाऊक असतात, पण प्रमाण विचारले की ते अडखळते. पुस्तक प्रमाण चोख सांगते, पण तुमच्या कढईतला आवाज त्याला ऐकू येत नाही.

एक माणूस, एक पदार्थ

सुरुवात सणासुदीच्या पदार्थाने करू नये. त्या दिवशी स्वयंपाकघरात घाई असते आणि शिकणारा नुसता पायांत घोटाळतो. एरवीच्या दिवशी होणारा, तुम्हाला मनापासून आवडणारा पदार्थ निवडावा आणि तो उत्तम करणाऱ्या आईला, काकांना किंवा आजीला शिकवण्याची गळ घालावी. पहिल्या वेळी काहीही न करता शेजारी उभे राहून पाहावे. दुसऱ्या वेळी निवडणे आणि चिरणे आपल्याकडे घ्यावे. तिसऱ्या वेळी उलथने तुमच्या हातात असावे आणि त्यांनी बाजूला बसून फक्त बोलावे. फोनवरून कृती विचारून घेणे सोपे असले तरी, करणाऱ्याच्या हाताला जे कळते त्यातले निम्मेही त्याच्या तोंडून येत नसल्यामुळे, ही तीन सत्रे टाळू नयेत.

या सत्रांत “किती वेळ?” असे विचारण्यापेक्षा “झाले, हे कशावरून ओळखायचे?” असे विचारावे. कांदा किती मिनिटे परतायचा, असे मी आजीला विचारले तेव्हा “होईपर्यंत” एवढेच उत्तर मिळाले. कशावरून ओळखायचे, असे विचारल्यावर मात्र ती म्हणाली, “ऐक.” कांदा कढईत पडल्यावर प्रथम ओलसर, जाड चरचर ऐकू येते, कारण त्यातले पाणी उकळून वाफ होत असते आणि ते पाणी आहे तोवर कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पाणी आटत आले की आवाज बारीक होतो, कच्चा उग्र वास जातो, कडा तांबूस होऊ लागतात आणि तेल बाजूला दिसू लागते. लुई कामिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केलेली, रंग आणि खमंगपणा आणणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणूनच लहान कढईत कांद्याचा ढीग घातला की तो परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो. आजीने मेयारचे नाव कधी ऐकले नव्हते, पण कढई मोठी घे, हे तिने मला पहिल्याच दिवशी बजावले होते.

अंदाज मोजून घ्यावा

“चवीपुरते”, “मूठभर”, “मावेल तेवढे” ही मापे करणाऱ्याच्या हाताची असतात आणि तुमचा हात वेगळा असतो. त्यांना मोजायला लावू नये, त्याने त्यांची लय बिघडते. त्याऐवजी स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी मिठाची बरणी काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यावे आणि संपल्यावर पुन्हा तोलावी; जो फरक येईल तेवढे मीठ पडले. तेल, पीठ, तिखट यांचेही असेच करता येते. अशी तीन वेळची आकडेमोड समोर ठेवली की, अंदाज म्हणजे वाटेल तसे नव्हे, हे लख्ख दिसते.

चमच्यांच्या मापातही गोंधळ असतो. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा बहुधा १५ मिलिलिटरचा (ऑस्ट्रेलियातील पुस्तकांत मात्र २० चा), आणि कप पुस्तकानुसार २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो. बॉस्टनच्या पाकशाळेतील फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात काठाशी सपाट केलेल्या मापांचा आग्रह धरला. त्याआधी “अक्रोडाएवढे लोणी” अशीच भाषा सर्रास चाले. तरीही कपभर पीठ सैल भरले की दाबून, यावर वजनात बराच फरक पडतो. पदार्थ भाजायचा असेल तर ग्रॅममध्ये प्रमाण देणाऱ्या पुस्तकावर अधिक विश्वास ठेवावा.

पुस्तक एकच, पण वापरून मळलेले

पुस्तक निवडताना चित्रांना भुलू नये. तुम्हाला आधीपासून येत असलेली एखादी कृती त्यात उघडून पाहावी. साहित्य वापराच्या क्रमाने दिले आहे का, किती जणांसाठी आहे ते सांगितले आहे का, मिनिटांबरोबर खूणही दिली आहे का, एवढे तपासले की लेखकाने स्वतः ओट्यापाशी उभे राहून लिहिले आहे की नाही ते कळते.

कृती आदल्या दिवशी शेवटपर्यंत दोनदा वाचावी. पाहुणे यायला दोन तास उरलेले असताना “रात्रभर भिजवून ठेवलेले” हे शब्द चौथ्या ओळीत सापडण्याचा अनुभव मी घेतला आहे आणि तो कुणाला घ्यावा लागू नये. चिरणे व मोजणे संपल्याखेरीज विस्तव पेटवू नये.

पहिल्या वेळी पुस्तकात लिहिले आहे तसेच करावे, मनाचे काही घालू नये. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी; दोन बदलल्या तर चव कशामुळे सुधारली ते कळत नाही. प्रत्येक वेळी समासात तारीख, बदल आणि खाणाऱ्यांचे मत लिहावे, तेही पेन्सिलने, कारण शाई ओल्या हाताने पसरते. पुस्तक जपून ठेवणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण कोरे पाकपुस्तक मला न वाचलेल्या पत्रासारखे वाटते.

बिघडल्यावर

मीठ जास्त झाले तर बटाटा टाकण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. बटाटा मीठ वेचून घेत नाही, खारट पाणी मात्र शोषतो, त्यामुळे मीठ न घातलेला तोच पदार्थ थोडा करून मिसळणे किंवा पाणी वाढवणे हाच खरा उपाय. खाली लागले तर ढवळू अथवा खरवडू नये, वरचे हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे. एका बाबतीत मात्र घरच्या सवयीपुढे मान तुकवू नये: शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर न ठेवता शीतकपाटात ठेवावे, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात.

वही

दोन्हीकडून शिकलेले एका वहीत उतरवावे. ग्रॅम आणि मिनिटे पुस्तकासारखी लिहावीत, पण खुणा त्या माणसाच्याच शब्दांत ठेवाव्यात. माझ्या वहीत कांद्याखाली “आवाज बारीक झाला की” असेच आहे. जुन्या चिठ्ठ्या असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवावेत, तेलाच्या डागांसकट. पुस्तक आणि घर यांच्यात मतभेद झाला तर पदार्थाचे दोन भाग करून दोन्ही पद्धतींनी करावेत आणि कोणता कोणाचा हे न सांगता वाढावेत.

वही भरत आली की ती ज्यांच्याकडून शिकलात त्यांच्याच हाती तपासायला द्यावी. माझ्या वहीत आईने तीन ठिकाणी खोडले आहे. त्यांपैकी दोन ठिकाणी तिचेच बरोबर निघाले, आणि तिसऱ्यासाठी येत्या रविवारी पुन्हा दोन कढया चढणार आहेत.