पिन बसली म्हणून अ‍ॅडॅप्टर चालत नाही: मिक्सर-कीबोर्डवाल्यांनो, या चुका टाळा

ऐन गणपतीत मंडळाच्या साउंड मिक्सरचा अ‍ॅडॅप्टर सापडत नाही आणि कुणीतरी घरातून वायफाय राउटरचा काढून आणतो. पिन बरोबर बसते, आणि घात तिथेच होतो. ५.५ मिलिमीटरची ही गोल पिन राउटर, सेटटॉप बॉक्स, गिटार पेडल (गिटारचा आवाज बदलणारं पायाशी ठेवायचं यंत्र) अशा बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. आतली वीज सारखी असेलच असं नाही.

आधी एसी की डीसी ते बघा. आउटपुटच्या आकड्यापुढे नागमोडी रेघ असेल तर एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी. काही छोट्या मिक्सरना एसीच लागतो, कारण त्यातूनच ते आत प्लस आणि मायनस असे दोन्ही सप्लाय तयार करतात. त्यांना डीसी दिला तर एकच बाजू मिळते: लाइट लागतो, पण आवाज फाटका येतो किंवा येतच नाही. लोक मग उगाच माइकच्या वायरी बदलत बसतात.

नंतर पोलॅरिटी, म्हणजे पिनेत मधे प्लस आहे की मायनस. बहुतेक गिटार पेडलना ९ व्होल्ट आणि मधे मायनस लागतो. राउटरच्या पिनेत बहुधा मधे प्लस असतो. छापलेलं पुसलं असेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरून. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर मधे मायनस. उलटा सप्लाय गेलेलं पेडल मेलं म्हणून फेकू नका. पुष्कळदा संरक्षणाचा डायोडच (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) शॉर्ट झालेला असतो, आणि तो दोन-चार रुपयांत येतो.

९ च्या जागी १२ व्होल्ट लावल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून लोक फसतात. आत ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग, असेल आणि मशीन ०.३ अँपिअर ओढत असेल, तर ९ व्होल्टवर त्याच्यात १.२ वॅट उष्णता होते, १२ वर २.१. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढं झेपत नाही. थोडा वेळ वाजून बंद पडतं, गार झालं की पुन्हा सुरू, ही त्याचीच खूण. व्होल्ट कमी पडले तर उलट: कीबोर्ड चालू होतो आणि आवाज वाढवला की रिस्टार्ट होतो.

अँपिअर जास्त असले तर बिनधास्त लावा, मशीन लागतील तेवढेच घेतं. कमी मात्र नकोत.

जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर काही न जोडता रिकामा मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो; तो बिघाड नव्हे. पण त्यात रेग्युलेटर नसल्याने मेन्स (भिंतीच्या सॉकेटमधली वीज) २३० व्होल्टवरून २५० वर गेली की आउटपुटही तेवढ्याच टक्क्यांनी चढतं. यंत्रमागांच्या लायनीवर लोड सारखा वरखाली होतो, तिथे हा प्रकार धरूनच चाला. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ येत असेल तर आधी मशीन बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर दोष अ‍ॅडॅप्टरकडे: एक तर त्याचा फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारा भाग) सुकलाय, नाहीतर त्याच्यावाटे ग्राउंड लूप होतोय, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगचं वेटोळं तयार होऊन त्यातून घूं शिरतेय.