मॉड्यूलर ॲपमध्ये डीप लिंकने स्क्रीन उघडताय? या चुका टाळा

समजा नाटकांची तिकिटं विकणारं एक अँड्रॉइड ॲप आहे. त्यात ‘यादी’, ‘बुकिंग’ आणि ‘खातं’ अशी तीन फीचर मॉड्यूल्स, म्हणजे कोडचे वेगवेगळे भाग, आहेत. ती एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांच्या वर बसलेलं ‘ॲप’ मॉड्यूल तेवढं तिघांना ओळखतं. मग यादीतल्या नाटकावर बोट ठेवलं की बुकिंगची स्क्रीन उघडायची कशी? ‘यादी’ला त्या स्क्रीनचा आयडी दिसतच नाही. जेटपॅक नेव्हिगेशन या स्क्रीन बदलण्याच्या लायब्ररीत यावरचा सरळ मार्ग म्हणजे डीप लिंक. बुकिंगच्या ग्राफमध्ये (त्यातल्या स्क्रीनचा नकाशा) त्या स्क्रीनला एक पत्ता द्यायचा, आणि ‘यादी’ने फक्त त्या पत्त्यावर जा म्हणायचं.

इथवर सगळं छान चालतं. पुढे तोच पत्ता नोटिफिकेशनमध्ये जातो, मार्केटिंगवाल्यांच्या मेसेजमध्ये जातो, आणि बग यायला लागतात. मी आजवर सोडवलेल्या अशा बगांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत सापडली: ॲपच्या आतून गेलेला माणूस आणि बाहेरून लिंकवर आलेला माणूस यांच्यात फरक नाही. पत्ता एकच असतो हे खरं, पण त्यामागचं वागणं निराळं असतं.

बॅक दाबल्यावर कुठे जायचं, ते आधी ठरवा

आतून नेव्हकंट्रोलरला (स्क्रीन बदलणारा घटक) पत्ता दिला, तर आधीचा बॅक स्टॅक, म्हणजे उघडलेल्या स्क्रीनची चळत, जसाच्या तसा राहतो आणि नवी स्क्रीन वर येऊन बसते. बॅक दाबलं की यादी दिसते. नोटिफिकेशनमधली एक्स्प्लिसिट डीप लिंक (ॲपने स्वतःच नेमकी स्क्रीन ठरवून बनवलेली) मात्र जुना स्टॅक पुसून टाकते आणि नवा रचते: मुख्य ग्राफची सुरुवातीची स्क्रीन, मग आतल्या प्रत्येक ग्राफची सुरुवातीची स्क्रीन, आणि सगळ्यात वर तिकिटाची स्क्रीन. ब्राउझरमधून किंवा दुसऱ्या ॲपमधून आलेल्या लिंकचं आणखी वेगळं. इंटेंटवर (स्क्रीन उघडण्याची विनंती) ‘न्यू टास्क’चा फ्लॅग असेल तर असाच नवा स्टॅक रचला जातो. नसेल तर आपली स्क्रीन त्या दुसऱ्या ॲपच्याच टास्कमध्ये (त्याच्या स्क्रीनच्या चळतीवर) उघडते आणि बॅक दाबलं की माणूस तिकडे परत जातो. हे बिघाड नाहीत, असंच ठरलेलं आहे. टेस्टरने ‘बॅक चुकीचं जातं’ म्हणून तक्रार टाकली, तर आधी विचारा, स्क्रीन उघडली कुठून?

यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे लॉगिनची स्क्रीन स्टार्ट डेस्टिनेशन, म्हणजे सुरुवातीची स्क्रीन, करणं. कागदावर ते बरोबर वाटतं, कारण ॲप उघडलं की माणूस आधी लॉगिनच करतो. आता हे पाहा. संध्याकाळी नोटिफिकेशन येतं, ‘तुमचा प्रयोग आज ८ वाजता’. प्रेक्षक त्यावर टॅप करतो, तिकीट उघडतं, आसन क्रमांक बघून तो बॅक दाबतो, आणि समोर येते लॉगिनची स्क्रीन. तो लॉगिन केलेलाच आहे, पण नव्याने रचलेल्या स्टॅकच्या तळाशी लॉगिन पडलेलं आहे. त्याला वाटतं आपण बाहेर फेकलो गेलो. नाट्यगृहाच्या दारात, रांगेत उभा राहून तो पुन्हा मोबाइल नंबर टाकतो आणि ओटीपीची वाट बघतो. तिकीट तपासणाऱ्याला आणि मागच्या रांगेला तेवढा धीर नसतो.

सुरुवातीची स्क्रीन नेहमी ठाम ठेवा, म्हणजे होम. लॉगिन ही अट आहे, सुरुवात नाही. ज्या स्क्रीनला लॉगिन लागतं तिने स्वतः तपासावं, गरज असेल तर लॉगिनकडे पाठवावं, आणि काम झालं की त्याच स्क्रीनवर परत यावं. लॉगिन जमलं की नाही, हा निकाल आधीच्या बॅक स्टॅक एंट्रीच्या सेव्हडस्टेटहँडलमधून (स्क्रीनची माहिती साठवण्याची जागा) परत देता येतो.

‘डेस्टिनेशन सापडत नाही’ म्हणून क्रॅश

दिलेल्या पत्त्याशी जुळणारं डेस्टिनेशन ग्राफमध्ये नाही, असं सांगणारा इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन आला की लोक पहिल्यांदा स्पेलिंग तपासतात. ते तपासाच. पण त्याआधी मुख्य ग्राफमध्ये त्या फीचरचा ग्राफ इन्क्लूड केलाय का, ते बघा. एखादं फीचर स्वतंत्र डेमो ॲपमध्ये चालवताना ही गोष्ट हमखास राहते, कारण तिथे बाकीचे ग्राफ नसतातच.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. दोन मॉड्यूल्समध्ये ग्राफच्या फाइलचं नाव एकच असेल (आणि नव्या मॉड्यूलसाठी जुन्याची कॉपी मारली की ते एकच राहतं), तर बिल्डच्या वेळी सगळ्या मॉड्यूल्सच्या रिसोर्स फाइल्स एकत्र (मर्ज) होताना त्यातली एकच फाइल उरते. ॲप मॉड्यूलची फाइल सगळ्यांवर मात करते. दोन लायब्ररींमध्ये डिपेंडन्सीच्या क्रमाने ठरतं. बिल्ड हिरवा राहतो, एकही एरर येत नाही, फक्त एका फीचरचा अख्खा ग्राफ गायब झालेला असतो. डिपेंडन्सीच्या दोन ओळींची अदलाबदल केल्यावर बंद पडलेलं फीचर चालू झालं आणि चालणारं बंद पडलं, असं मी स्वतः पाहिलं आहे. कारण कळेपर्यंत त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून फाइलच्या नावात मॉड्यूलचं नाव घाला. ग्रेडलमध्ये (बिल्ड करणारं साधन) रिसोर्स प्रीफिक्स लावला तर चुकलेल्या नावावर लिंट हे कोड तपासणारं साधन बोट ठेवतं. आयडींचंही तसंच. दोन मॉड्यूल्सनी एकच आयडीचं नाव वापरलं तर अंतिम ॲपमध्ये तो एकच आकडा होतो.

तिसरं कारण पत्त्यातल्या मजकुराचं. पत्त्याच्या एका भागासाठी ठेवलेला प्लेसहोल्डर (किंमत भरायची मोकळी जागा) तिरप्या रेघेपाशी थांबतो. नाटकाच्या नावात ‘मराठी/हिंदी’ असं काही आलं की पत्ता जुळत नाही. प्रश्नचिन्ह, हॅश, अँपरसँड यांचाही घोळ होतो. मजकूर पाठवायचाच असेल तर तो एन्कोड करून (अशी चिन्हं कोडमध्ये बदलून) पाठवा. पण माझं ठाम मत, मजकूर पाठवूच नका. काही जण तर नाटकाची सगळी माहिती (पूर्ण ऑब्जेक्ट) जेसन या मजकुरी स्वरूपात पत्त्यात कोंबतात. नाटकाचा क्रमांक पाठवा, बाकीचं बुकिंगची स्क्रीन स्वतःच्या रिपॉझिटरीतून (माहिती पुरवणारा भाग) आणेल. त्याने माहितीही ताजी राहते.

आणि ज्या आर्ग्युमेंटला (स्क्रीनला लागणारी माहिती) डीफॉल्ट किंमत नाही आणि जे नल, म्हणजे रिकामं, असलेलंही चालत नाही, ते पत्त्यात आलं नाही तर लिंक जुळतच नाही. क्वेरी पॅरामीटर ऐच्छिक ठेवायचा असेल तर ग्राफमध्ये तसं लिहा.

पत्ते विखरू देऊ नका

पत्त्याची स्ट्रिंग सात ठिकाणी हाताने लिहिली की त्यातल्या एका ठिकाणी ती चुकतेच, आणि कंपायलर त्यावर काहीच बोलत नाही. सगळे पत्ते एका छोट्या सामायिक मॉड्यूलमध्ये, फंक्शनच्या रूपात ठेवा: नाटकाचा क्रमांक द्या, पत्ता घ्या. आतल्या वापरासाठी वेगळी स्कीम (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) ठेवली तर बाहेर दिलेल्या पत्त्यांना धक्का न लावता ती बदलता येते. बाहेर गेलेला पत्ता मात्र परत घेता येत नाही. तो पोस्टरवरच्या क्यूआर कोडमध्ये छापलेला असतो.

लिंक ब्राउझरमध्येच उघडते

अँड्रॉइड १२ पासून, डोमेन आपलं आहे हे ॲपने सिद्ध केलेलं नसेल तर साधी वेब लिंक थेट ब्राउझरमध्ये जाते. मधला ‘कशात उघडू’ हा प्रश्न येत नाही. सिद्ध करायचं म्हणजे ॲपमधल्या लिंकच्या नोंदीवर ऑटो-व्हेरिफाय लावायचं आणि डोमेनच्या ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये ॲसेटलिंक्सची जेसन फाइल ठेवायची. ती एचटीटीपीएसवर, रीडायरेक्ट न होता मिळायला हवी. नेहमीची चूक त्या फाइलमधल्या फिंगरप्रिंटची (ॲपवर सही करणाऱ्या किल्लीची ओळख) असते. प्ले ॲप साइनिंग वापरत असाल तर आपण अपलोड करताना वापरतो ती किल्ली वेगळी आणि वापरकर्त्याच्या फोनवरच्या ॲपची वेगळी. फाइलमध्ये दुसरीचा शा-२५६ हवा, तो प्ले कन्सोलमध्ये मिळतो. आपल्या मशीनवर चालतं आणि स्टोअरमधून उतरवलं की चालत नाही, अशी तक्रार आली तर आधी हेच बघा.

फायरबेस डायनॅमिक लिंक्स (गूगलची लिंक बनवण्याची सेवा) २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या. जुन्या कोडमध्ये त्यांचे अवशेष असतील तर काढून टाका.

ॲक्टिव्हिटीचा (स्क्रीन दाखवणारा ॲपचा घटक) लाँच मोड ‘सिंगल टॉप’ असेल तर आधीच उघड्या ॲपमध्ये आलेली लिंक ‘ऑन न्यू इंटेंट’मध्ये येते. तिथून ती नेव्हकंट्रोलरच्या ‘हँडल डीप लिंक’ला स्वतः द्यावी लागते. नाही दिली तर लिंक दाबूनही स्क्रीन हलत नाही.

बाहेरून आलेल्यावर विश्वास ठेवू नका

डीप लिंक जाहीर न केलेल्या स्क्रीनवर बाहेरून कोणी येऊ शकत नाही, हा भ्रम आहे. एक्स्प्लिसिट डीप लिंकची यंत्रणा ग्राफमधल्या कोणत्याही स्क्रीनपर्यंत पोचू शकते. म्हणून पैसे भरण्याच्या स्क्रीनने रक्कम लिंकमधून कधीच घेऊ नये, आणि हे तिकीट याच माणसाचं आहे का, ते सर्व्हरला विचारावं.

तपासताना

प्रत्येक लिंक तीन अवस्थांत चालवून बघा: ॲप पूर्ण बंद असताना, मागे चालू असताना, आणि लॉगआउट केलेलं असताना. एडीबी या संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या साधनाच्या ‘एएम स्टार्ट’ने हे पटकन होतं, फक्त एक खाच लक्षात ठेवा. पत्त्यात दोन पॅरामीटर असतील तर त्यांच्यामधला अँपरसँड फोनवरचं शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) स्वतःसाठी घेतं, कारण तुम्ही घातलेली अवतरण चिन्हं तुमच्या संगणकाच्या शेलनेच काढून टाकलेली असतात. ॲपपर्यंत पहिलाच पॅरामीटर पोचतो आणि तुम्ही ग्राफमध्ये चूक शोधत बसता. ‘शेल’ या शब्दानंतरची सगळी कमांड एकेरी अवतरणात घाला आणि आतला पत्ता दुहेरी अवतरणात ठेवा, म्हणजे दोन्ही पॅरामीटर ॲपपर्यंत पोचतील.