एसरहद्दोनच्या देवळाच्या कामावर निघण्याआधी

असिरियाच्या एसरहद्दोन राजाने बॅबिलॉनच्या एसागिला मंदिरावर देखरेखीला नेमलं, की लगेच गवंडी शोधायला धावू नका. आधी देवाची परवानगी. इ.स.पू. ६८९ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं ते याच राजाच्या वडिलांनी, सेन्नाखेरिबने. बॅबिलॉनचा मुख्य देव मार्दुक, त्याने शहर ७० वर्षं ओसाड राहील असं लिहून ठेवलं, मग त्याचा राग निवला आणि त्याने आकडा उलटा केला, ७० चे ११ झाले. कीलाकार लिपीत उभी खूण जागेप्रमाणे साठ किंवा एक दाखवते आणि कोनाकार खूण दहा; दोघींची अदलाबदल केली की खरंच तसं होतं. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या कामाचा आधार तोच आहे.

मग शमश आणि अदद या देवांना मेंढीचं यकृत पाहून कौल लावायचा. नव्या मूर्ती कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या कारागिरांच्या हातून घडवायच्या, तेही कौलानेच ठरतं. तेव्हा सुतार, सोनार, तांबट यांना परस्पर शब्द देऊन बसू नका. विटांसाठी सिमानू महिना धरा, साधारण आपला मे-जून. साचे हस्तिदंताचे आणि उत्तम लाकडाचे. तेल, मध, तूप आणि मद्यही भरपूर मागवून ठेवा, ते गाऱ्यात घालायचं असतं. डांबर आणि देवदाराच्या तुळया आहेतच. एक टोपली राजासाठी वेगळी ठेवा, ती तो स्वतः डोक्यावर घेतो. त्याचा मुलगा अशुरबनिपाल तशीच टोपली घेऊन उभा असलेली शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सगळ्यात जपायचं ते जुनी पहिली वीट काढताना. गवंडी स्वच्छ वस्त्र नेसतो, दंडात कथलाचं कडं घालतो आणि शिशाची कुऱ्हाड उचलतो. शिसं किती मऊ! त्या कुऱ्हाडीने भिंत फुटायची नाही. मला तरी तो घाव कमी आणि क्षमायाचना जास्त वाटते. काढलेली वीट कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवायची आणि कलू पुजाऱ्यांनी तिच्यासाठी विलाप गायचा. या विधीची पाटी पुढे सेल्युसिड काळातली, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजवटीतली मिळाली आहे, रीत मात्र जुनी. त्यासाठी वस्त्र, कडं, कुऱ्हाड हे तिन्ही आदल्या दिवशीच हाताशी ठेवा. खणताना जुन्या राजाचा लेख सापडला तर त्याला तेल लावा, बळी द्या आणि परत जागेवर ठेवा.

सोन्याचा हिशेब रोजच्या रोज ठेवा आणि राजाला खरं तेच कळवा. एसरहद्दोनचा अधिकारी मार-इश्शार बॅबिलोनियातली देवळं फिरून पाहायचा, आणि त्याची पत्रं असिरियाच्या राजधानीत, निनवेत सापडली आहेत. देर शहरातल्या देवळाबद्दल तो लिहितो, की पाया घातल्यापासून तिथले अधिकारी काम एकमेकांवर ढकलत बसले; यंदा सुरू केलं, पण एक दिवस करतात आणि दुसऱ्या दिवशी सोडून देतात. म्हणून लिहायच्या पाट्यांसाठी चांगली माती सोबत घ्या, आणि दुरून निरोपांवर विसंबू नका, जागेवर जाऊन भिंत किती वर आली ते मोजा.