नवी इलेक्ट्रिक गिटार घेताना भाव असा करा

नागपुरात सीताबर्डीत किंवा सदरला गिटार बघायला गेलं की दुकानदार थोडी सूट देतो आणि तिथेच अडतो. पुढे असं करा:

१. घरूनच त्या मॉडेलचा ऑनलाइन भाव बघून जा. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी देऊ नका.

२. आधी फक्त गिटारचा भाव ठरवा. तो अडला की मग बॅग, केबल, पट्टा आणि ०९-४२ जाडीच्या तारांचा जादा सेट मागा. रोख सूट देण्यापेक्षा हे त्याला सोपं जातं.

३. सेटअप, म्हणजे गिटारची जुळवणी, त्यातच करून घ्या: नेकचा (दांड्याचा) बाक, तारांची उंची, इंटोनेशन (दांड्यावर सगळीकडे सूर बरोबर लागणं). माझ्या मते हजार रुपयांच्या सुटीपेक्षा हे मोलाचं.

डिस्प्लेचा पीस असेल तर नेकच्या कडेवरून बोट फिरवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं (नेकवरच्या पट्टीचं) लाकूड आकसतं आणि फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येतात. टोचलं तर तिथेच दाखवा, टोकं घासून मागा आणि भावही उतरवा.

मात्र बिनबिलाच्या सुटीला हो म्हणू नका. सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिल नसेल, तर वॉरंटीच्या वेळी अडचण येते.