जर्मनीत नवीन आलात? आधी सिमवाला राउटर घ्या

दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की घरी नेट कुठलं घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पहिले काही महिने तुम्ही टेम्पररी फ्लॅटमध्ये असणार, तेव्हा डीएसएलचं (टेलिफोनच्या वायरवरून येणारं नेट) 24 महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट लगेच करू नका. मी केलं होतं. टेक्निशियनची वेळ सकाळी 8 ते 12, सुट्टी टाकून घरी बसलो आणि पठ्ठ्या बेल न वाजवताच परत गेला, का तर खाली बेलवर माझं नावच नव्हतं, आधीच्या भाडेकरूचं होतं. (इथे बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतात, बेलवरच्या नावावर सगळं चालतं, पहिल्या दिवशी नाव लावून घ्या.) पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

त्यापेक्षा सिमवाला राउटर बरा, प्लग लावला की नेट चालू, घर बदललं की उचलून न्यायचा. फक्त काही होमस्पॉट प्लॅन (अशा राउटरचे घरगुती प्लॅन) पत्त्याला बांधलेले असतात ते आधी वाचा. प्रीपेड सिमलाही 2017 पासून ओळख पटवावी लागते, पासपोर्ट हाताशी ठेवा.

भारतातून राउटर आणायच्या भानगडीत पडू नका. जिओफाय तर जिओच्याच सिमला लॉक असतो, आणि बाकीच्यांत बँड 20 (मोबाइल नेटवर्कची एक फ्रिक्वेन्सी) असेलच असं नाही. तो 800 मेगाहर्ट्झचा बँड भारतात वापरात नाही पण इथे जाड भिंतींच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आणि खेड्यापाड्यात तोच कामाला येतो.

राउटर कपाटामागे नको, खिडकीत ठेवा, आणि तिथेही रेंज नसेल तर काच बघा, थंडी अडवणाऱ्या नव्या काचांवर धातूचा पातळ थर असतो तो सिग्नलपण अडवतो. माझ्याकडे हॉलच्या नव्या खिडकीत दोन काड्या आणि किचनच्या जुन्या खिडकीत चार, म्हणून राउटर आजही मसाल्याच्या डब्यांशेजारी आहे!

रात्री 8 नंतर सगळे त्याच टॉवरवर येतात, स्पीड पडतो. आईबाबांच्या कॉलला त्याचा त्रास नाही, तोवर तिकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. पिक्चर मात्र अडकतो. आणि बऱ्याच मोबाइल नेटवर स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे घरच्या सर्व्हरला बाहेरून कनेक्ट करणारे लोक वैतागतात.

ऑनलाइन घेतलंत तर 14 दिवसांत कॉन्ट्रॅक्ट मागे घेता येतं, तोवर खोका फेकू नका.